डबीतलं काळं बटण

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रंगखोलीची प्रमुख मी. लेकीने फोनवर अभिनंदन केलं आणि लगेच गृहपाठही दिला. "आई, रोज डायरी लिही. आणि स्वतःशी खोटं बोलू नकोस." तिचा धंदाच तो आहे, मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांना नेतृत्व शिकवण्याचा. मी म्हटलं, बाई गं, खोटं बोलायला समोर कोणीतरी लागतं, या घरात आहे कोण? ती हसली. मी विनोद केला नव्हता.

तर पहिल्यापासून लिहिते. आमचा कारखाना शिवणाच्या धाग्याचा. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, खाली हौदावर रंगमास्तर त्या रंगाचा धागा रंगवतो, आणि वर रंगखोलीत आम्ही तिघं तो धागा त्या कापडाशेजारी दिव्याच्या पेटीत ठेवून बघतो. यंत्रही आहे, ते आकडा सांगतं. पण शेवटचा शब्द डोळ्याचा. जन्मभर मी या डोळ्यांवर पोट भरलं. ह्यांच्या माघारी लेकीला शिकवलं ते याच डोळ्यांवर.

तिघं म्हणजे मी, चष्मेवाली आणि मुनी. चष्मेवालीचा चष्मा तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा, आणि मुनी दिवसाकाठी चार शब्द बोलला तर आम्ही एकमेकींकडे बघतो. मास्तर धरून चौघांचं जेवण वर्षानुवर्षं खिडकीजवळच्या टेबलावर. आज मी माझा डबा घेऊन गेले तर बोलणं थांबलं. मास्तर चक्क उठून उभा राहिला. "बसा ना, मॅडम."

शुक्रवारपर्यंत मी ताई होते. काम आहे म्हणून सांगितलं आणि केबिनमध्ये येऊन एकटीने जेवले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लेकीला आमच्या बटणांबद्दल सांगितलं आणि ती उखडलीच.

बटणांची पद्धत गरुडकाकांची. माझ्या आधी प्रमुख ते होते, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. नजर अशी की सगळा कारखाना त्यांना गरुड म्हणायचा. प्रत्येकाने मुठीत दोन बटणं घ्यायची, एक पांढरं, एक काळं. पेटीत बघायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. रंग पटला तर पांढरं बटण डबीत टाकायचं, नाही पटला तर काळं. प्रमुखाने सगळ्यांत शेवटी. डबीत एक जरी काळं निघालं तरी माल परत हौदात. आणि काळं कोणाचं हे कधीही विचारायचं नाही.

"म्हणजे तुमच्याकडे माणसं मत लपवून देतात?" लेक म्हणाली. "आई, ज्या खोलीत खरं बोलायला बटण लागतं, तिथे विश्वास कुठला?"

"अगं, पद्धत आहे ती."

"मग मोड. आधी तू मनातलं बोल, मोकळेपणाने. प्रमुख उघडी झाली की बाकीचे आपोआप उघडे होतात. तुला काकांची नक्कल करायची आहे, की तू म्हणून उभं राहायचंय?"

हे शेवटचं मला लागलं. खरंच, काकांची सावली म्हणून किती दिवस राहायचं?

सोमवार, १० फेब्रुवारी

बटणं बंद. डबी कपाटात टाकली. छोटंसं भाषणही केलं. या खोलीत आता लपवाछपवी नाही, ज्याला जे वाटेल ते त्याने तोंडावर बोलावं. सुरुवात मी करते.

मास्तर नवा लॉट घेऊन आला होता. दारातच थबकला. "पण काका म्हणायचे..."

"काका घरी झोपाळ्यावर बसलेत," मी म्हटलं. मुनीला थोडं हसवावं म्हणून म्हटलं, "काय मुनी, हिरवा शर्ट नवा वाटतं? शोभतोय हो." मुनीने खाली स्वतःच्या शर्टकडे पाहिलं, मग चष्मेवालीकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. मुनीच तो.

मग मी धागा पेटीत धरला आणि मोठ्याने म्हटलं, "छान जुळलाय. तुमचं काय?" दोघं म्हणाले, "हो मॅडम." दिवसभर असंच. सगळे लॉट एकमताने पास! काकांच्या काळात रोज एखादं तरी काळं निघायचंच. लेकीला कळवलं तर तिने टाळ्या पाठवल्या.

जेवण केबिनमध्ये.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पेटीतले दिवे पिवळे पडलेत. दोनदा तक्रार केली तेव्हा कुठे वायरमन आला. शिडीवरूनच म्हणतो, "बाई, हे नवेच आहेत की. काकांनी जाताना बसवून घेतले."

"मग तुमचा नवा मालच पिवळा," मी म्हटलं. त्याने निमूटपणे बदलले. नवे लागले तरी तेच. हल्ली कशातच दम राहिला नाही.

घरासाठी पडदे आणले. शांत राखाडी रंग, खास माझ्या पसंतीचा. फोनवर दाखवले तर लेक म्हणते, "आई, एवढे जांभळे?" फोनच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत हे मी तिला समजावून सांगितलं. तिला वाटतं फोनला सगळं कळतं.

बुधवार, ५ मार्च

आज लिहायला हात होत नाही, पण मनातलं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिते. ते माझ्याबद्दल बोलतात.

दुपारी बाहेर आले तर तिघं खिडकीशी घोळक्याने उभे. चष्मेवालीच्या हातात मी सकाळीच पास केलेलं रीळ, उन्हात धरलेलं. मला बघताच पांगले. मास्तरने रीळ खिशात घातलं आणि जिन्याने खाली गेला. हे पहिल्यांदा नाही झालेलं. गेल्या आठवड्यातही पाहिलं होतं, पण मनाला समजावलं की आपल्यालाच भास होतो.

संध्याकाळी चष्मेवाली दारात घुटमळत उभी राहिली. "मॅडम, टोप्यांची चाचणी राहिलीय तुमची. या वर्षीची."

ही चाचणी आम्हा सगळ्यांना वर्षातून एकदा असते. बोटाच्या पेराएवढ्या रंगीत टोप्या विस्कटून देतात, त्या रंगाच्या चढत्या क्रमाने लावायच्या, मग उलटून खालचे आकडे बघायचे. माझा आकडा आजवर हललेला नाही.

"प्रमुखाला आता कसली चाचणी? बघू पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. ती अजून उभीच. "मॅडम, करून घेतली असतीत तर..." आणि गेली. मी हिला काम शिकवलं. आता ही माझी परीक्षा घेणार.

घरी आले तर दिवा लावावासाही वाटला नाही. खुर्ची मिळाली आणि माणसं गेली. मला फार एकटं वाटतं. हे वाक्य लेकीला सांगितलं तर ती त्यावर उपाय सांगेल. मला उपाय नको आहे.

गुरुवार, २० मार्च

आभाळ फाटलं. गडद निळ्या कोटांचं गिऱ्हाईक, आमचं सगळ्यांत जुनं. आम्ही पाठवलेला सगळा धागा परत आला. निळ्या कोटांवर काळा धागा! म्हणे काही कोट शिवूनसुद्धा झाले होते, आता उसवावे लागणार.

मोठ्या साहेबांनी बोलावलं. मालक तेच. शांतपणे बोलतात, त्याचीच भीती वाटते. "हा धागा तुमच्या खोलीतून पास कसा झाला?"

मला आठवतंय तो लॉट. यंत्राचा आकडा जरा हटला होता, पण मी नीट बघितला होता. कापड आणि धागा तंतोतंत एक. मी म्हटलं पास, दोघं म्हणाले हो. माझा डोळा चुकणार नाही, म्हणजे मागाहून धागा बदलला असणार किंवा हौदातच काहीतरी घोळ. त्या आठवड्यात मास्तर रजेवर होता, बायको दवाखान्यात म्हणून. हौद बदली माणसाच्या हाती. मी साहेबांना तेच सांगितलं, की मास्तर हौद वाऱ्यावर सोडून गेला.

साहेब म्हणाले, "तसं लेखी द्या. त्याला गोदामात टाकतो."

बुधवार, २ एप्रिल

मास्तरला बोलावलं. एकतर्फी लिहायचं नाही एवढी नीती मला आहे. त्याला म्हटलं, तुमचं काय म्हणणं असेल ते मोकळेपणाने सांगा.

तो उभाच राहिला. त्याची नखं कायमची रंगलेली असतात, आज कुठल्या रंगाची होती कोण जाणे. "बदली माणसाने मात्रा चुकवली हे खरं," तो म्हणाला. "पण मात्रा चुकतेच कधीतरी. ती अडवायलाच वरची खोली असते ना?"

"म्हणजे चूक आमची?"

"मी तसं कुठे म्हटलं? मी असतो तर तो लॉट बाहेर गेला नसता, एवढंच."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "लिहा तुम्हाला वाटतं ते. आयुष्य हौदावर गेलं, आता खोकी मोजीन."

"अहो, मग काय असेल ते तोंडावर बोला ना! दोन महिने मी घसा कोरडा करतेय, मोकळं बोला, मोकळं बोला!"

"तुमच्या बोलण्यानंतर बोलायला उरतं काय, मॅडम?" एवढं बोलून तो गेला. दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ९ एप्रिल

साहेबांचा हुकूम, कोटांचं प्रकरण मिटेपर्यंत काकांची जुनी पद्धत. कपाटातून डबी काढली. माझ्या हातांनी पुसली.

पहिला लॉट. मी बघितला, उत्तम. सगळ्यांत शेवटी माझं पांढरं टाकलं. डबी उघडली तर दोन काळी, एक पांढरं. दुसरा लॉट, पांढरी तीन. तो लाल होता. तिसरा, पुन्हा दोन काळी. चौथा, दोन काळी.

कोणाचं ते विचारायचं नसतं. विचारायची गरजही नव्हती. दोघांनी ठरवून माझ्याविरुद्ध काळी टाकली. मास्तरचा सूड उगवतायत. ज्यांच्यासोबत बसून इतकी वर्षं भाकरी मोडली तीच माणसं. मुनीसुद्धा! बोलत नाही ते नाही, पण बटण टाकताना बरोबर हात चालतो.

मास्तरविरुद्धचा कागद सोमवारी साहेबांच्या टेबलावर हवा. सही माझी. पण त्याआधी या दोघांना गप्प करायचं ठरवलंय. रविवारी कारखाना बंद असतो. जाऊन टोप्यांची चाचणी करते आणि निकाल भिंतीवरच लावते. हातच्या काकणाला आरसा कशाला!

रविवार, १३ एप्रिल

रखवालदाराने कुलूप काढून दिलं. रंगखोलीत मी एकटी. टोप्यांची पेटी काढली, विस्कटली, दिव्याखाली लावायला बसले. लाल, केशरी सरसर लागले. निळ्यांशी हात अडखळला. सगळ्या सारख्याच मळकट. तरी लावल्या. मग उलटल्या.

लालांचे आकडे ओळीत. निळ्यांचे कुठलेच्या कुठे, जत्रेत हात सुटल्यासारखे.

पुन्हा केलं. जास्तच बिघडलं. मग सगळं उचलून खिडकीत नेलं, जिथे ते तिघं उभे राहायचे तिथे, उन्हात. तिथेही तेच.

दिवे पिवळे नव्हते. कॅमेरा बरोबर होता, पडदे जांभळे आहेत. निळ्या कोटांचा धागा काळा होता आणि मी त्याला पास म्हटलं. त्या दोघांनी टाकलेली काळी बटणं खरी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अंधार दिव्याचा नव्हता, माझा होता.

रडले. मग जे मनात आलं तेही लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. मनात आलं की हे कोणाला कळलेलं नाही. उद्या सही करावी. मास्तर गोदामात जाईल, पगार तोच राहील. उन्हाळ्यात रजा काढून गुपचूप डोळा दाखवून घ्यावा. निवृत्तीला अशी किती वर्षं राहिलीत? या खोलीत मी डोळा आहे. डोळा गेला तर मी कोण? एक विधवा बाई, जांभळ्या पडद्यांच्या घरात.

बराच वेळ तिथेच बसले. रखवालदाराने दोनदा हाक मारली.

सोमवार, १४ एप्रिल

सकाळी मास्तरला वर बोलावलं. तिघं समोर उभे. भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. नुसतं म्हटलं, "मला निळा दिसत नाही."

चष्मेवाली चष्मा काढून पुसायला लागली, पुसतच राहिली. मग मास्तर म्हणाला, "आम्हाला माहीत होतं."

"केव्हापासून?"

मुनीने अंगातला तोच शर्ट चिमटीत धरला. "हा निळा आहे," तो म्हणाला.

मग एकेक कळत गेलं. मी पास केलेला प्रत्येक लॉट चष्मेवाली आणि मुनी खिडकीत उन्हात धरून बघत. चुकलेला असला की मास्तर मला न सांगता तो परत हौदात घालायचा. दोन महिने. फक्त त्या आठवड्यात मास्तर नव्हता आणि बदली माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने पास झालेला माल तसाच पाठवून दिला. माझी खुर्ची मास्तर खालून धरून बसला होता आणि मी त्यालाच गोदामात धाडत होते.

मला लाज वाटली. पण आधी राग आला, तोही लिहिते. "मला सांगायचं होतंत! मी काय म्हातारी पेशंट आहे झाकून ठेवायला?"

चष्मेवाली पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलली. "कधी सांगणार? बटणं होती तेव्हा डबीत सांगता येत होतं. ती तुम्ही काढलीत. वर सगळ्यांच्या आधी स्वतः बोलायचात. रंगखोलीच्या प्रमुखाला रंग दिसत नाही हे तोंडावर कसं सांगायचं, ताई?"

ताई म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही.

साहेबांकडे गेले. मास्तरवर लिहिलेला कागद त्यांच्यासमोर फाडला आणि दुसरा दिला, माझ्या नावाचा. त्यांनी दोनदा वाचला. "विचार केलात? हे तुमच्या अंगावर येईल."

"अंगाचंच आहे," मी म्हटलं.

मास्तर हौदावरच राहणार. माझं काय ते डोळ्याचे डॉक्टर बघतील, मग साहेब बघतील.

बुधवार, १६ एप्रिल

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसत असणार, हळूहळू वाढतं म्हणून माणसाला कळत नाही. शस्त्रक्रिया एका डोळ्याची आधी, दुसऱ्याची नंतर. रंग परत दिसतील, पण डोळा स्थिरावायला वेळ लागेल.

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, किती अस्सल वागलीस तू. हे मी माझ्या वर्गात सांगू?"

"नको," मी म्हटलं. "तू फक्त ये."

तिला सुट्टी मिळते का ते ती बघणार आहे.

शुक्रवार, २५ एप्रिल

शस्त्रक्रियेआधीचा शेवटचा दिवस. साहेब म्हणाले, खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवायची की नाही ते तुम्हीच सांगा, खोली तुम्हाला जास्त कळते. दिवसभर विचार केला. स्वतःलाच विचारलं तर उत्तर काय येणार हे मला माहीत आहे. माझं बटण पांढरंच.

म्हणून डबी काढली. मास्तरलाही वर बोलावलं आणि तिघांच्या हातात बटणं दिली. म्हटलं, "मी परत आल्यावर या खुर्चीत बसावं का? मी बाहेर थांबते. माझं मत मोजायचं नाही, आणि या वेळी मी आधी बोलणारही नाही."

मास्तर म्हणाला, "ताई, हे कशाला आता?"

"माल आहे, बघा आणि टाका."

जिन्याशी जाऊन उभी राहिले. खालून हौदाची वाफ येत होती. वाटत होतं, इतकं सोसलं, खरंही बोलले, आता तिघंही पांढरं टाकतील. त्याचीच मला आशा होती.

डबी उघडली. दोन पांढरी, एक काळं.

कोणी मान वर करेना. चेहरे वाचायचा मोह झाला, पण मी डबीकडेच बघत राहिले. कोणाचं ते विचारायचं नसतं. छातीत एकदम दुखलं, आणि त्याच्या पाठोपाठ काहीतरी सैल झालं. दोन महिने सगळे मला हो म्हणत होते आणि मी एकटी पडले होते. आज एकाने नाही म्हटलं.

"एक काळं," मी म्हटलं. "माल परत हौदात."

साहेबांना जाऊन सांगितलं, खुर्ची तूर्त चष्मेवालीला द्या. मी परत आले की साधी बघणारी म्हणून येईन, डोळा चाचणीत उतरला तर. हौदात परत गेलेला धागा कोणी फेकत नाही. पुन्हा रंगवतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात. तेव्हाचं तेव्हा बघू.

दुपारी डबा घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी गेले. कोणी उठून उभं राहिलं नाही. मुनीने पायाने खुर्ची थोडी मागे सरकवली आणि जेवत राहिला.

जाताना ते काळं बटण मी खिशात टाकलं. चोरीच ती, पण डबीत काळी पुष्कळ आहेत.

शनिवार, १७ मे

उजव्या डोळ्याला आता मोठी अक्षरं लिहिण्यापुरती मोकळीक मिळाली आहे. लेक दोन दिवस येऊन गेली, दोन्ही दिवस फोनवरच होती, पण औषध वेळेवर घातलं. आज घरात पुन्हा मी एकटी.

डावा डोळा झाकला की भिंत पांढरीशुभ्र, उजवा झाकला की तीच भिंत चहा सांडल्यासारखी. इतके दिवस मी त्या चहात राहत होते. पडदे भयानक जांभळे आहेत. दुकानदाराने ते मला विकले कसे! हसू आलं, आणि हसायला शेजारी कोणी नाही म्हणून थोडं रडूही.

मग बटणाची आठवण झाली. मनात एक वेडी आशा होती, ती लिहिते. ते मी जुन्या डोळ्याने बघितलं होतं. त्या डोळ्याला काय काय काळं दिसायचं. कोण जाणे, कोणाच्या कोटाचं गडद निळं बटण चुकून त्या डबीत पडलेलं असेल. तसं असेल तर ते काळं मत नव्हतंच. तिघंही माझ्या बाजूने होते.

खिडकीत गेले. ऊन चांगलं होतं. बटण तळहातावर घेतलं, डावा डोळा झाकला आणि नव्या डोळ्याने नीट, वेळ घेऊन बघितलं.

काळंच आहे.